निश्चित चांगला

सातारच्या कचेरीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले आमचे बापूसाहेब पुस्तकं वाचत नाहीत, पुस्तकांचे गोपनीय अहवाल लिहितात. वाचणं हा त्यातला प्राथमिक चौकशीचा भाग.

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. आता सरकारात त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, दहापैकी गुण देतात आणि सगळं संगणकावर भरतात. बापूसाहेबांच्या काळी तो साधा ‘शीआर’ होता. मार्च सरला की साहेबाने हाताखालच्या माणसाचा शीआर लिहायचा. तो गोपनीय असे, म्हणजे ज्याचा असे त्याला सोडून बाकी सगळ्या कचेरीला चहाच्या टपरीवर पाठ असे. प्रतवारी सहा: अ+ म्हणजे अत्युत्कृष्ट, अ म्हणजे उत्कृष्ट, ब+ म्हणजे निश्चित चांगला, ब म्हणजे चांगला, ब- म्हणजे साधारण आणि क म्हणजे साधारणपेक्षा कमी. कुणाला अ+ द्यायचा तर त्याची कारणं लिहा. क द्यायचा तर पुरावे जोडा, आधी दिलेली ज्ञापनं जोडा, तो शेरा संबंधिताला कळवा, मग त्याचं अभिवेदन येणार, त्यावर तुमचे अभिप्राय मागवणार. दोन्ही टोकांना लिखाण. मधल्या ‘निश्चित चांगला’ला मात्र कोणी काही विचारत नाही. सही करायची आणि घरी जायचं. बापूसाहेबांनी उभी हयात माणसांना निश्चित चांगलं ठरवण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर तीच लेखणी मराठी साहित्याकडे वळवली.

त्यांची नोंदवही मी पाहिली आहे. फुलस्केप, पुठ्ठ्याची बांधणी, डावीकडे समास, वरून लाल फडकं. रकाने जुन्या अहवालाच्या छापील नमुन्यातलेच. पहिला ‘रुजू झाल्याचा दिनांक’, म्हणजे पुस्तक वाचनालयातून घरी आलं तो दिवस. शेवटचा ‘कार्यमुक्त’. मधे पुस्तक उशाशी नुसतंच पडून राहिलं असेल तर ‘विनावेतन रजा’. ‘कामाचा उरक’ या रकान्यात पानं किती आणि त्यांत घडतं किती याचा हिशेब. ‘हाताखालच्या लोकांकडून काम करून घेण्याची हातोटी’ या रकान्यात दुय्यम पात्रांचा विचार होतो. ‘जनतेशी वागणूक’ म्हणजे लेखक वाचकाला किती छळतो. ‘सचोटी’ हा रकाना आत्मचरित्रांच्या वेळी उपयोगी पडतो, एरवी तिथे ‘संशयातीत’ लिहून ते पुढे जातात. ‘प्रकृतिमान’ही आहे. वाचनालयातल्या एका जुन्या कादंबरीपुढे तिथे नोंद आहे: ‘शिवण उसवली आहे. वैद्यकीय रजेची शिफारस.’ आणि सगळ्यात शेवटी, चौकोनात, प्रतवारी.

मी एकदा दुपारभर त्यांच्या ओसरीवर बसून ती वही वाचली. मराठी समीक्षा मी पुष्कळ वाचली आहे, त्यातली बरीचशी कळली नाही. ही कळली.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’पुढे नोंद आहे: ‘एकाच प्रकरणी सहा जणांचे जबाब. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण व श्रीकृष्ण. सहाही जबाब एकाच भाषेत व एकाच आवेशात. जबाब पढवल्याचा संशय. तथापि प्रकरण हृदयद्रावक. ब+.’

‘बनगरवाडी’ला सरळ अ मिळाला आहे. एक तर ते आमच्या शेजारचं पुस्तक. औंध संस्थानातला मुलूख, माणदेशातली धनगरवस्ती, आणि तिथे एकशिक्षकी शाळेवर गेलेला पोरगेला मास्तर. व्यंकटेश माडगूळकरांची भाषा, तिच्यातला मोजकेपणा, दुष्काळ, मेंढरं, यांतल्या कशाविषयीही बापूसाहेबांनी चकार शब्द काढलेला नाही. त्यांचा शेरा आहे: ‘शिक्षक मुख्यालयी राहिला. लोकसहभागातून तालीम उभारली. उद्घाटनास प्रत्यक्ष राजेसाहेब.’ ‘मुख्यालयी राहिला’ या शब्दांखाली तांबड्या शाईने दोन रेघा. जिल्हा परिषदेचे शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत या एका विषयावर ज्याने शेकड्यांनी कागद हलवले, त्या माणसाला माडगूळकरांचा मास्तर थेट काळजात घुसला तर नवल नाही. १९५५ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने आली तेव्हापासून तिच्यावर भलंभलं लिहून झालं आहे, पण तिचा हा गुण कुणाच्या लक्षात आला असेल असं मला वाटत नाही.

‘कोसला’चं पान मजेशीर आहे. ‘शिक्षणार्थ पुण्यास रवाना. वडिलांकडून वेळोवेळी अग्रिमे उचलली, समायोजन नाही. परीक्षेबाबत उदासीन. शेवटी मुख्यालय सोडून गावी परत.’ प्रतवारी ब-. इथवर ठीक. पण ‘कामाचा उरक’ या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘रात्री दोनपर्यंत. सौ.ने दिवा घालविण्यास सांगितले. घालविला नाही.’ आता रात्री दोनपर्यंत दिवा जाळायला लावणाऱ्या पुस्तकाला साधारण कसं म्हणायचं, हे मी त्यांना विचारलं.

“पुस्तक वाचायला लावतंय हे खरं,” ते म्हणाले. “पण त्या मुलाची वर्तणूक बघा की.”

“बापूसाहेब, शेरा पुस्तकाला द्यायचा, की मुलाला?”

त्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. प्रश्न नियमात बसणारा होता, उत्तर नव्हतं. हा घोळ एकट्या बापूसाहेबांचा आहे असं समजू नका. नायिका आगाऊ निघाली म्हणून पुस्तकाला नापास करणारे वाचक घराघरात आहेत. शेवट गोड झाला नाही म्हणून एखादा तारा कापून घेणारे आहेत, आणि लेखक कुठल्याशा भाषणात काहीबाही बोलला म्हणून त्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या कथांवर सूड उगवणारेही आहेत. बापूसाहेब निदान कारण लिहून ठेवतात.

जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’पुढे एकच ओळ आहे: ‘टिपणी गहन. मार्गदर्शन व्हावे.’ आणि प्रकरण पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे पाठवलेलं आहे.

पुनर्विलोकन अधिकारी म्हणजे वहिनी. अहवाल लिहिणाऱ्या साहेबाच्या वरचा साहेब. त्याने खालच्याचा शेरा वाचायचा आणि पटला तर सही करायची, न पटला तर बदलायचा, आणि त्याचं मत अखेरचं. बापूसाहेबांच्या घरात हे पद पहिल्यापासूनच भरलेलं आहे. वहिनींची पद्धत निराळी. त्या पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसतात, कुकर लावतात आणि वाचायला लागतात. डाळ-भाताला तीन शिट्ट्या लागतात. तिसऱ्या शिट्टीला उठल्या, तर पुस्तक तसंच. पाचवीला उठल्या, तर बरं. एका मराठी कादंबरीपायी त्यांच्या कुकरचा वॉल्व्ह उडाला होता. ती कोणती, हे त्या सांगत नाहीत. बापूसाहेब म्हणतात वहिनी त्या दिवशी पुस्तक वाचत नव्हत्या, माहेरचं पत्र वाचत होत्या. वही या बाबतीत मौन पाळते. पण पुनर्विलोकनाच्या रकान्यात वहिनींच्या अक्षरात फक्त आकडे आहेत: तीन, चार, तीन, सात. मला विचाराल तर साऱ्या वहीत तेवढाच रकाना शास्त्रीय आहे. त्यात वाचकाचं मत येत नाही, वाचकाला काय झालं ते येतं.

अ+ त्या वहीत एकच आहे, आणि तो कुणाला मिळाला हे कळल्यावर मी वही मिटून पुन्हा उघडली. प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’. हिमालयात बॉर्डर रोड्सच्या नोकरीत गेलेल्या तरुण इंजिनिअरची ती गोष्ट. वरिष्ठाशी त्याचं पटत नाही, तो आदेश मोडतो आणि त्याचं कोर्टमार्शल होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वरिष्ठाच्या टिपणीवर ‘आदेशाप्रमाणे’ याखेरीज काही लिहिलं नाही, त्याने आपला एकुलता एक अत्युत्कृष्ट शेरा आदेश मोडणाऱ्याला दिला होता. नियमाप्रमाणे कारणमीमांसाही जोडली होती, पानभर. रस्ताबांधणी, डोंगराचं वर्णन, लष्करी शिस्त. शेवटून दुसरी ओळ ‘सेवेत असताना माझ्यावरही एकदा’ अशी सुरू होऊन तिथेच खोडलेली होती. खोडलेल्या जागी, कार्यालयीन रीतीप्रमाणे, आद्याक्षरं. मी त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बापूसाहेबांची साहित्यसेवा अशी घरच्या घरी चालली होती. वाचनालयातही त्यांचा दबदबा होता. आपल्याकडे वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मत देण्याची जुनी वहिवाट आहे. ‘अप्रतिम’, त्याखाली ‘अप्रतिम काय डोंबल’, त्याखाली ‘वरील दोघांनी पुस्तक वाचलेले दिसत नाही’, आणि त्याखाली एखाद्या पोराने काढलेला बदाम. ही आपली मूळची तारांकन पद्धत. रहस्यकथांच्या बाबतीत तर पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून पुढच्याचे कष्ट वाचवणारे परोपकारी लोक होऊन गेले. बापूसाहेब अशा प्रत्येक शेऱ्याखाली ‘पाहिले’ असं लिहून सही करतात. ग्रंथपाल बाईंनी एकदा त्यांना हटकलं, तर म्हणाले, “बाई, तुमच्या वाचनालयाला शासनाने अ वर्ग दिलाय की नाही? तोही कुणीतरी पाहून, सही करूनच दिला ना?” हे खरंच आहे. १९६७ च्या कायद्यानंतर आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांनाही अ, ब, क, ड असे वर्ग लागले आणि सरकारी अनुदान त्या वर्गावर मिळतं. जिथे घराचीच प्रतवारी झाली आहे तिथे आतल्या माणसांनी कशाला लाजायचं, असा बापूसाहेबांचा युक्तिवाद. बाई गप्प बसल्या. पेन्सिली मात्र त्यांनी टेबलावरून उचलून खणात टाकल्या.

मग दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली आणि तिने आजोबांना लॅपटॉपवर ‘गुडरीड्स’ उघडून दिलं.

अमेरिकेत २००७ साली एका जोडप्याने सुरू केलेली आणि २०१३ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलेली ही जागा. तिथे जगभरचे वाचक वाचलेल्या पुस्तकाला एक ते पाच तारे देतात. नातीची स्वतःची पद्धत सोपी आहे: रडू आलं की पाच, नाहीतर एक. मधल्या ताऱ्यांना तिने कधी बोट लावलेलं नाही. आपण आजवर तारे तोडत आलो, ही पोरं तारे वाटत सुटली आहेत, असं बापूसाहेब म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

पहिली अडचण पाच मिनिटांत आली. प्रतवारी सहा, तारे पाच.

“अर्धा तारा नाही का?”

“नाही, आजोबा.”

“मग ब+ कुठे बसवायचा?”

नातीला ब+ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला ते समजावण्यात चहा गार झाला. दुसरी अडचण याहून गंभीर निघाली. ताऱ्यावर बाण नेला की त्याचा अर्थ इंग्रजीत दिसतो. एक म्हणजे आवडलं नाही. तीन म्हणजे आवडलं. चार, फार आवडलं. पाच, थक्क झालो. आणि दोन म्हणजे ठीक होतं.

“ठीक?” बापूसाहेब उभे राहिले. “ठीक असलेल्याला पाचातले दोन? शंभरात चाळीस? काठावर पास? अगं, ठीक काम करणारा माणूस आमच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी करून सत्काराची शाल घेऊन घरी गेला!”

खरं सांगायचं तर इथे मी बापूसाहेबांच्या बाजूने आहे. जगातली बहुतेक पुस्तकं ठीकच असतात. बहुतेक माणसंही. पण तिथे ठीक म्हणणं हा अपमान समजला जातो, त्यामुळे लोक उगीच एक तारा वर चढवून ठेवतात, आणि मग चार दिसले की पुस्तक बरं असेल एवढंच कळतं. तीन दिसले की हात मागे येतो. चलन घसरावं तसं झालं आहे ते.

बापूसाहेबांनी मग इतरांचे शेरे वाचायला घेतले. हे त्यांचं मूळ काम, त्यात ते रमले. अॅमेझॉनवर एका पुस्तकाला एक तारा होता, कारण: पार्सल पावसात भिजलं. “ही तक्रार आवक-जावक शाखेची,” बापूसाहेब म्हणाले, “लेखकाचा काय संबंध? वर्ग करा तिकडे.” एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, अजून वाचलं नाही, पण कव्हर छान आहे. यावर ते काही बोलले नाहीत, फक्त कानाची पाळी ओढली. तिथे दिसणारी सरासरी ही साधी बेरीज-भागाकाराची नसते, कुठला शेरा किती ताजा, खरेदी खरी की नाही असं बरंच पाहून यंत्र ती ठरवतं, हे नातीने सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “यंत्राचा पुनर्विलोकन अधिकारी कोण?”

नातीला आता चेव आला होता. तिने दोन अमेरिकन भानगडी सांगितल्या, दोन्ही २०२३ च्या. ‘ईट प्रे लव्ह’वाल्या एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी ‘द स्नो फॉरेस्ट’ नावाची कादंबरी येणार म्हणून जाहीर केलं. ती रशियात घडते, आणि युक्रेनवर हल्ला चालू असताना असं पुस्तक नको म्हणून शेकडो लोकांनी तिला एकेक तारा दिला. पुस्तक छापलंच नव्हतं. गिल्बर्टबाईंनी ते मागे घेतलं.

“रुजू होण्यापूर्वीच प्रतिकूल शेरा!” बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या भानगडीत एका नवोदित लेखिकेने खोट्या नावांनी खाती काढून आपल्याबरोबर पहिलं पुस्तक येणाऱ्या इतर लेखकांना एकेक तारा दिला आणि स्वतःच्या न आलेल्या पुस्तकाला वर चढवलं. बिंग फुटलं, प्रकाशकाने तिचं पुस्तकच रद्द केलं. हे ऐकून मात्र बापूसाहेब शांत झाले. ओळखीचा प्रदेश आला. “निनावी अर्ज,” ते म्हणाले. “निनावी अर्जावर कार्यवाही करायची नसते. दप्तरी दाखल करायचा. त्या लोकांकडे एक चांगला कारकून नाही, बाकी काही नाही.”

त्या रात्री त्यांनी तोडगा काढला. अ+ ला पाच. अ ला चार. ब+ आणि ब, दोघांनाही तीन. ब- ला दोन, क ला एक. आणि ब+ वर अन्याय नको म्हणून खालच्या चौकटीत मराठीत ‘निश्चित चांगला’ असं लिहायचं. पहिला शेरा त्यांनी ‘मृत्युंजय’वर चढवला, त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी आवडल्याची खूण केली. बापूसाहेब दिवसभर अस्वस्थ. “हा कोण? याला सहीचे अधिकार कुणी दिले?”

इथवर सगळं पुस्तकांपुरतं होतं. पण बापूसाहेबांच्या बाकावर, वाचनालयाच्या व्हरांड्यात, एक निवृत्त नायब तहसीलदार बसतात, आणि ते कवी आहेत. त्यांनी स्वखर्चाने संग्रह काढला. त्याचं नाव सांगत नाही, कारण मीही त्याच बाकावर बसतो. ‘सस्नेह भेट’ म्हणून एक प्रत बापूसाहेबांना आली, मुलाने तो संग्रह इंटरनेटवर चढवला आणि निरोप आला की पहिले तारे बापूसाहेबांचे हवेत.

भेट मिळालेल्या पुस्तकाला तारे देण्याइतकी अवघड गोष्ट मराठी माणसाच्या वाट्याला क्वचित येते. लग्नात आहेराचं पाकीट तरी बंद असतं. आपल्यापैकी बहुतेक जण अशा वेळी डोळे मिटून पाच देतात आणि लेखक भेटला की “वाचतोय, वाचतोय” म्हणत रस्ता ओलांडतात. बापूसाहेबांनी कविता सगळ्या वाचल्या. रकाने भरले. ‘कामाचा उरक: विपुल.’ ‘सचोटी: संशयातीत.’ ‘जनतेशी वागणूक: सौजन्याची, परंतु पाऊस या विषयाबाबत पुनरुक्ती.’ प्रतवारी, ब+. तारे, तीन.

कवी चार दिवस बाकावर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते कागद घेऊन. टंकलिखित, डाव्या बाजूला टाचलेला. ‘विषय: काव्यसंग्रहास दिलेल्या तीन ताऱ्यांविरुद्ध अभिवेदन.’ ‘संदर्भ: आपला दि. अमुकचा शेरा.’ आणि पहिल्याच परिच्छेदात सर्वोच्च न्यायालय. देव दत्त विरुद्ध भारत सरकार, २००८. हा खटला सरकारी माणसांत प्रसिद्ध आहे. देव दत्त हे बॉर्डर रोड्समधले इंजिनिअर. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला. तो वाईट नाही म्हणून त्यांना कळवला नाही. पण बढतीला ‘फार चांगला’ लागत होता, त्यामुळे त्या चांगल्यानेच त्यांची बढती गेली. न्यायालयाने सांगितलं की शेरा कुठलाही असो, तो माणसाला कळवला पाहिजे, कारण नाव चांगलं असलं तरी परिणाम वाईट होऊ शकतो. कवींचं म्हणणं होतं की तीन ताऱ्यांचंही तेच आहे. जिथे शेजारच्या संग्रहाला साडेचार आहेत तिथे तीन हा प्रतिकूल शेरा होय. सोबत परिशिष्टं: वर्तमानपत्राचं कात्रण, एका माजी आमदाराचं पत्र, आणि शेजारच्या बाई वाचताना रडल्याचा त्यांच्याच सहीचा दाखला.

बापूसाहेबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी रीतसर अर्ज केला होता. त्यांनी आवक क्रमांक टाकला, पोच दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाकावरच सुनावणी ठेवली. सुनावणीत त्यांनी बचावाला आंतरराष्ट्रीय दाखला आणला, तो नातीने फोनवर पुरवलेला. फ्रान्सची मिशलिन ही टायरची कंपनी. तिने १९२६ पासून हॉटेलांना तारा द्यायला सुरुवात केली, १९३१ पासून एक, दोन, तीन अशी चढण ठेवली, आणि तिथे तीनच्या वर काहीच नाही. “तीन म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाहून मुद्दाम जेवायला जावं असं हॉटेल,” बापूसाहेब म्हणाले. “मी तुम्हाला तेवढे दिलेत.”

“तिथे तीनातले तीन, बापूसाहेब,” कवी म्हणाले. “तुम्ही पाचातले तीन दिलेत. मी नायब तहसीलदार होतो, मला शेतसारा मोजता येतो.”

यावर उत्तर नव्हतं. बापूसाहेबांनी प्रकरण पुनर्विलोकनासाठी वर पाठवलं.

वहिनींनी संग्रह घेतला, कुकर लावला, पाटावर बसल्या. पावसाच्या कविता त्यांनी भराभर उलटल्या. पण मधे एक कविता आहे, ज्या बहिणीचा भाऊ भाऊबिजेला बदलीच्या गावाहून येऊ शकत नाही तिची. चार कडवी. वहिनींचा भाऊ फॉरेस्टात होता. त्या दिवशी बापूसाहेबांकडे आमटीत डाळ कुठली आणि पाणी कुठलं हे ओळखू येत नव्हतं. त्यांनी निमूटपणे दोन वाट्या प्यायली, वही आणली आणि पुढे केली. वहिनींनी आकडा लिहिला: आठ.

पुनर्विलोकन अधिकाऱ्याचं मत अखेरचं. संध्याकाळी तीनाचे चार तारे झाले. बापूसाहेबांनी कवींना पत्राने कळवलं की प्रतवारी ब+ ऐवजी अ करण्यात येत आहे, मात्र हा निर्णय पूर्वोदाहरण म्हणून वापरता येणार नाही, आणि पावसाबाबतचा शेरा कायम आहे. कवींनी ते पत्र चौकट करून दिवाणखान्यात लावलं आहे. आमदारांच्या पत्राच्या वर.

मला आता पुस्तक घ्यायचं असलं की मी सरासरी पाहत नाही. चार पूर्णांक दोन दशांश म्हणजे कोण माणसं, ती कुठे बसून वाचतात, त्यांची डाळ किती शिजली, काहीच समजत नाही. बापूसाहेबांनी एखाद्याला ब- दिला आणि शेजारी ‘नायक वरिष्ठांशी उद्धट’ असं लिहिलं, की मी ते पुस्तक त्याच दिवशी आणतो. आजवर फसलो नाही.

त्यांच्या वहीची छायाप्रत आता वाचनालयात ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवलेली असते. सातारला आलात तर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत कुणालाही चाळता येते, वर्गणी लागत नाही. एकच विनंती: तिच्यात पेन्सिलीने काही लिहू नका. लिहिलंच, तर खाली सही आणि दिनांक टाका. नाहीतर ते दप्तरी दाखल होईल.